हळदीत मॉकटेल काउंटर लावला, दारू कमी झाली का? घणसोलीतून सविस्तर रिव्ह्यू

आधीच सांगते, "आमच्या मांडवात एक थेंब पण नको" असं ज्यांचं ठरलंय त्यांनी हा रिव्ह्यू नाही वाचला तरी चालेल, तुमचं काम आधीच झालंय, तुम्ही फक्त जेवणाचा केटरर चांगला बघा. हे आहे आमच्यासारख्यांसाठी, म्हणजे आगरी-कोळी घरं, जिथे हळदीची तारीख निघाली की बेंजो आणि "बसायची सोय", म्हणजे दारूची, यातलं आधी काय ठरतं यावर पैज लागू शकते, आणि घरातल्या बायकांना दारू बंद करायची कितीही इच्छा असली तरी ती बंद होणार नाही हे पक्कं माहीत असतं. मग निदान कमी कशी होईल, मारामाऱ्या कशा टळतील आणि रात्री बाईकवर घरी निघालेला पोरगा दुसऱ्या दिवशी लग्नाला धड कसा उभा दिसेल, एवढंच बघायचं असेल तर वाचा.

धाकट्या भावाची हळद मे महिन्यात झाली, घणसोली गावातच. ऐरोलीच्या दोन-तीन पोरांनी मिळून चालवलेला ड्रिंक्स काउंटर आम्ही घेतला, दारू सोडून बाकी सगळं. नाव मुद्दाम टाकत नाही, मग ते जाहिरातीसारखं वाटतं, आणि असं काम करणारे ऐरोली, कोपरखैरणे, कळवा सगळीकडे झालेत, तुमच्या केटररला विचारलं तरी कोणीतरी मिळेलच. रेट माणशी सत्तर रुपये, कितीही ग्लास प्या, झिरो बिअरचे, म्हणजे बिनअल्कोहोलच्या बिअरचे, पैसे वेगळे. वडील म्हणाले सरबताला सत्तर रुपये? मी म्हटलं मागच्या वर्षी काकांकडे खंब्यांचे बॉक्स किती आले होते आणि त्याचं बिल कोणी भरलं होतं ते आधी आठवा, मग गप्प बसले.

आता ड्रिंक्स. कोकम सोडा एक नंबर, यात वादच नाही. तयार सिरप नव्हतं, आगळ होतं, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, पोरगा समोर ग्लासात दोन चमचे आगळ, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, ठेचलेली हिरवी मिरची इवलीशी टाकायचा आणि वरून सोडा असा उभ्या धारेने सोडायचा की फेस कडेपर्यंत येऊन थांबायचा, सांडायचा नाही. आमच्या काकीने चार वेळा तरी रांग लावली. हे मिरची टाकणं फार महत्त्वाचं आहे, का ते सांगते. दारू पिणाऱ्या माणसाला गोड सरबत हातात दिलं की तो दोन घोटात संपवतो आणि "चला आता खरं काहीतरी द्या" म्हणतो. तिखट, आंबट, खारट असलं की ते घोट घोट प्यावं लागतं, सोबत चखणा चालतो, गप्पा चालतात. म्हणजे जे काम तो ग्लास करत असतो तेच काम होतं. ही अक्कल त्या पोरांना होती, कुठून आली विचारलं तर म्हणे आमचाच एक पार्टनर आधी बारमध्ये कामाला होता.

कैरीचं पन्हं ठीक, गूळ जास्त. जलजीरा नेहमीचाच. आणि एक निळ्या रंगाचं काहीतरी होतं, ब्ल्यू लगून का काय, ते फक्त फोटोसाठी, चव म्हणाल तर निळं पाणी आणि साखर, लहान पोरांनी जीभ निळी करून एकमेकांना दाखवली तेवढाच उपयोग. बो टाय लावलेला एक पोरगा बाटल्या हवेत फेकून झेलत होता, ते पण पोरांसाठीच, पण त्याने एक गोष्ट झाली की काउंटरपुढे गर्दी राहिली आणि गर्दी जिथे तिथे माणसं जातात, मग ती कशाची का असेना.

झिरो बिअरबद्दल जरा जास्त लिहिते कारण सगळ्यांनी तेच विचारलं. दोन प्रकारच्या आणल्या होत्या, एक बिअरसारखीच कडू आणि एक लिंबाच्या चवीची गोड. कॅनवर 0.0 लिहिलेलं असतं. काही कंपन्या आधी नेहमीसारखी बिअर बनवतात आणि मग कमी दाबाखाली हलकी तापवून त्यातलं अल्कोहोल काढून टाकतात, काही कंपन्या आंबवायच्या भानगडीतच पडत नाहीत, नुसतं माल्टचं पेय. कडूवाली पहिल्या प्रकारची असते बहुतेक वेळा आणि ती थंडगार असेल तर डोळे मिटून प्यायल्यावर पटकन फरक कळत नाही, हे मी सांगत नाही, माझे मेहुणे म्हणाले आणि त्यांचा अनुभव दांडगा आहे. गरम झाली की मात्र उकडलेल्या जवाच्या पाण्यासारखी लागते. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याकडे फूड सेफ्टीच्या नियमात 0.5 टक्क्यांच्या वर अल्कोहोल असेल तरच ते मद्य धरतात, म्हणजे नुसतं "नॉन अल्कोहोलिक" लिहिलेलं आणि 0.0 लिहिलेलं हे एकच असेल असं नाही, कॅन फिरवून मागचं वाचा. आणि शुगरवाल्यांनी तर वाचाच, गोडवाल्यात साखर भरपूर असते.

मला झिरो बिअरमधलं एक आवडलं नाही ते म्हणजे कॅन. बऱ्याच कॅनवर नाव आणि लोगो खऱ्या बिअरचाच असतो. दारूची जाहिरात टीव्हीवर करता येत नाही म्हणून सोडा, पाणी, सीडी काय काय विकून झालं ह्या लोकांचं, 2022 मध्ये ग्राहक प्राधिकरणाने अशा आडून केलेल्या जाहिरातींवर बंदीच्या गाइडलाइन्स काढल्या, तरी पण लोगो आहे तो आहे. आता हळदीत बारा वर्षांचा भाचा तो कॅन हातात धरून फोटो काढणार, तो फोटो स्टेटसला जाणार, म्हणजे फुकटात जाहिरात आपणच केली. म्हणून आम्ही कॅन काउंटरच्या मागेच फोडायला लावले आणि ग्लासातून द्यायला सांगितलं, आणि लहान पोरांना ती द्यायचीच नाही असं सांगून ठेवलं. त्या पोरांनी ते नीट पाळलं, त्याचे मार्क त्यांना पूर्ण.

पण खरी गोष्ट काउंटरची नाहीच, तो कुठे लावला आणि कधी चालू केला त्याची आहे.

आमच्याकडे हळदीत दारू आली कुठून हे जुन्या माणसांना विचारा. आजी सांगायची, तिच्या लहानपणी ताडी असायची, ती पण मांडवाच्या कामाला आलेल्या माणसांना, आणि देवाला धार. कुळदेवाच्या नावाने दोन थेंब जमिनीवर, मग वडीलधाऱ्याने घोट घ्यायचा, झालं. येऊरच्या पाड्यावरची माझी एक वारली मैत्रीण आहे, तिच्याकडे पण तेच, आधी धरतीला शिंपडायचं मग प्यायचं. ताडीत अल्कोहोल असतं साधारण 4-5 टक्के. व्हिस्की-रममध्ये असतं 42.8 टक्के, बाटलीवर लिहिलेलंच असतं. म्हणजे रीत सगळी बनली ती हलक्या ताडीच्या हिशोबाने, पाहुण्याचा ग्लास रिकामा ठेवायचा नाही, नाही म्हणणं म्हणजे मान न ठेवणं, हे सगळं ताडीच्या काळातलं, आणि आता ग्लास तोच, आग्रह तोच, आत मात्र जवळजवळ दहापट कडक माल. पाहुणा पडणार नाहीतर काय होणार. त्यात 1970 मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, जमिनी गेल्या, लोक लढले, मार खाल्ला, गोळ्या झेलल्या, मग गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळाले, काहींच्या हातात एकदम पैसा आला आणि हळद मांडवातून मैदानात गेली. कोणाकडे किती बॉक्स फुटले यावर इज्जत मोजायला लागले. आता ह्याला परंपरा म्हणणारे म्हणोत बापडे, लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीला मानधन देताना हात आखडतो आणि खंब्याला सुटतो, कसली परंपरा.

ताडीचं पण फार कौतुक करायला नको म्हणा. झाडावरची ताजी ताडी मिळते किती जणांना, आपल्या ठाणे जिल्ह्यात क्लोरल हायड्रेट घालून बनवलेली ताडी कितीतरी वेळा पकडली गेलीय, ते गुंगीचं औषध आहे, झाडाचा त्याच्याशी काही संबंध नाही. "आपलं गावठी बरं, केमिकल नसतं" म्हणणाऱ्यांनी 2015 चं मालवणी आठवावं, शंभराच्या वर माणसं गेली तिथे मिथेनॉलने.

तर आम्ही केलं काय. धार ठेवली. ती काढली असती तर आजोबांच्या वयाची माणसं उठून गेली असती आणि मग बाहेर जाऊन दुप्पट प्यायली असती. मांडवात देवाला धार झाली, वडीलधाऱ्यांनी एकेक घोट घेतला, बाटली तिथून उचलून आत गेली. काउंटर मांडवाच्या तोंडाशीच लावला, म्हणजे माणूस आत आला की पहिली गोष्ट हातात कोकम. हे त्या पोरांनीच सुचवलं, म्हणाले ताई कोपऱ्यात लावला तर तो बायकांचा काउंटर होतो, पुरुष फिरकत नाहीत. अगदी खरं. आणि जेवण साडेसातला चालू केलं, मटण, वडे, तांदळाच्या भाकऱ्या, सगळं. आपल्याकडे हळदीचं जेवण अकरापर्यंत लांबतं, तोवर माणूस रिकाम्या पोटी पीत बसतो आणि मग मटण येतं तेव्हा त्याला मटण का पितळ कळत नाही. पोटात अन्न असलं की दारू रक्तात हळू चढते, हे काय नवीन ज्ञान नाही, पण हळदीत कोणी वापरत नाही. प्रत्येक टेबलावर पाण्याचे जग. डीजे दहाला बंद, तो कायद्यानेच बंद करायचा असतो, पण आमच्याकडे खरोखर झाला, आणि डीजे बंद झाला की निम्मी नाचणारी गर्दी आपोआप पांगते.

दारू ठेवली का, तर हो, भावांनी ठेवली, मांडवाच्या मागे, पण ठरवून कमी आणि वाढणारा माणूस एक, सेल्फ सर्व्हिस नाही. वाढणारा तो काउंटरवाल्या पार्टनरचा मित्र, त्याच्याकडे मापाचा ग्लास. आपल्याकडे पेग हाताने ओततात, "थोडासाच" म्हणत साठ-सत्तरचा होतो. मापाने ओतलं की माणसाला स्वतःलाच कळतं किती झालं. आणखी एक, पार्टीत दारू वाढायला एक्साइजचं एका दिवसाचं लायसन्स लागतं, ते आम्ही काढलं, भाऊ म्हणाला गावात कोण बघतं, मी म्हटलं कोणी बघायच्या आधी काढ. आणि आपल्या राज्यात व्हिस्की-रम प्यायचं वय 25 आहे, बिअरचं 21, हे मी मांडवात सांगितलं तर निम्मी पोरं हसली आणि निम्म्यांच्या आया माझ्याकडे वळून बघायला लागल्या. वाढणाऱ्याला सांगून ठेवलं होतं, कॉलेजची पोरं आली तर काउंटरकडे पाठव. दोन-तीन जण तोंड वाकडं करून झिरो बिअर घेऊन बसले, त्यातला एक तर खरीच समजून डुलायला पण लागला, त्याच्यावर अजून ग्रुपमध्ये मीम चालूयत.

आता निकाल. कमी झाली का? झाली. किती ते मोजायला मी काय बाटल्या मोजत नव्हते, पण दुसऱ्या दिवशी मागे पडलेला ढीग बघून वडील स्वतः म्हणाले अरे एवढंच? आणि मुख्य म्हणजे मारामारी नाही झाली, आमच्या आळीत हे बातमी होण्यासारखं आहे. पण खोटं नाही सांगणार, गाड्यांच्या डिक्या उघडल्याच. साडेनऊनंतर गल्लीच्या तोंडाशी तीन गाड्या अशा उभ्या होत्या की जणू तिथेच हळद आहे, आणि आमच्या एका काकांनी काउंटरसमोर उभं राहून मोठ्याने, "यो काय मान हाय काय आमचा, लिंबू पानी?" असं ऐकवलं. काउंटरवाला पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, हे पिऊन बघा, नाही आवडलं तर मी स्वतः मागे घेऊन जातो." काकांनी प्यायला, दुसरा मागितला आणि मग मागे गेलेच. पण दोन ग्लास सोडा पोटात घेऊन गेले. मला विचाराल तर हाच सगळा खेळ आहे, त्याला अडवायचं नाही, फक्त उशीर करायचा आणि पोट भरून ठेवायचं.

सगळ्यात जास्त फायदा कोणाला झाला माहितीये, ज्यांना प्यायचीच नव्हती त्यांना. अशी माणसं प्रत्येक हळदीत असतात, निम्मी तरी, पण हातात ग्लास नसला की "काय रे, बायकोला घाबरतो काय" सुरू होतं. हातात फेस आलेला ग्लास असला की कोणी विचारत नाही. माझे एक चुलत मामा आहेत, काही वर्षांपासून बंद केलीय, अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या गटाच्या, मीटिंगला जातात, ते आपल्या हळदींना यायचेच बंद झाले होते. यावेळी आले, जेवले, नाचले पण थोडे. मी त्यांना उत्साहाने झिरो बिअर पुढे केली तर हात जोडले, म्हणाले बाय, ती नको, वासाने आणि त्या कडू चवीने जुनं सगळं जागं होतं, मला कोकम दे. हे नीट वाचा, जो माणूस व्यसनातून बाहेर आलाय त्याच्यासाठी झिरो बिअर नाही. ती आहे साध्या, कधीतरी पिणाऱ्या माणसासाठी आणि ज्याला गाडी चालवायचीय त्याच्यासाठी. मामांना विचारलं तुमच्या मीटिंगची फी किती, म्हणाले काहीच नाही, "फक्त आजचा दिवस" म्हणायचं आणि खुर्चीत बसायचं.

आणि ह्याच्या बरोबर उलटी बाजू. ज्या घरात एखादा माणूस रोज सकाळपासून पितो, हात थरथरतात, त्याला लग्नाचे तीन दिवस कोंडून एकदम बंद करायचा शहाणपणा करू नका. रोजच्या जबर सवयीची दारू अचानक तोडली तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, अंगावर किडे चालतायत असं वाटतं, माणूस दगावतो सुद्धा. ते काम डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधं देऊन करायचं असतं. ठाण्यात नौपाड्याला आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे 1990 पासून, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून, ह्या लोकांना रोज अशी माणसं बघायची सवय आहे. लोकलमध्ये चिकटवलेले "न सांगता दारू सोडवा" वाले कागद मात्र फाडून फेका. भाजीत गुपचूप गोळी मिसळून द्यायची आणि तो वर दारू प्यायला की उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली, बायको मात्र जन्मभर गुन्हेगार. काउंटरच्या रिव्ह्यूत हे कशाला म्हणाल, तर आमच्याच एका वहिनीने त्या रात्री मला बाजूला घेऊन असला एक कागद दाखवला होता, म्हणून.

पेगचा हिशोब पण सांगते, हा त्या मापवाल्या पोराने फळ्यावर लिहून लावला होता आणि लोकांनी त्याचे फोटो काढले. 30 मिलीचा छोटा पेग म्हणजे साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल. क्वार्टर म्हणजे असे सहा. आणि "मी काय दारू नाही पीत, बिअर पितो" म्हणणाऱ्यांसाठी, 650 मिलीची 8 टक्क्यांची स्ट्राँग बाटली म्हणजे जवळजवळ चार छोटे पेग, दोन बाटल्या झाल्या की क्वार्टरच्या पुढे गेलात. शरीर हे जाळतं तासाला एखाद्या छोट्या पेगच्या आसपास, लिंबू पिळा, ताक प्या, अंघोळ करा, तो वेग वाढत नाही. म्हणजे रात्री बारा-एकपर्यंत क्वार्टर मारलेला माणूस सकाळी सहा-सातला वऱ्हाडाची गाडी काढतो तेव्हा त्याच्या अंगात अजून शिल्लक असू शकते. गाडी चालवणाऱ्याला कायद्याची मर्यादा आहे 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम, मध्यम बांध्याच्या माणसाची दुसऱ्या छोट्या पेगलाच ती पार होऊ शकते. पकडलं तर पहिल्या वेळेला 10,000 पर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत तुरुंग, नाहीतर दोन्ही. ठाणे-बेलापूर रोडला रात्री ट्रेलर कसे चालतात ते आपल्याला माहीतच आहे, दंडाची भीती त्यातल्या त्यात बरी.

आम्ही रात्रीसाठी गावातल्याच तीन रिक्षावाल्यांना पैसे देऊन उभं ठेवलं होतं, ते काउंटरच्या पॅकेजमध्ये नव्हतं, पण असायला पाहिजे. बाईकच्या चाव्या काढून घ्यायचा प्रयत्न भावाने केला, दोघांनी दिल्या, बाकीच्यांनी शिव्या दिल्या. रिक्षा मात्र भरून गेल्या, कारण फुकट होत्या.

तक्रारी आता. एक, झिरो बिअर साडेनऊलाच संपली, आम्ही सांगितल्यापेक्षा कमी आणली होती आणि विचारलं तर "ताई डिमांडचा अंदाज आला नाही", अरे मग आम्ही आकडा कशाला दिला होता. दोन, बर्फ. बर्फाच्या लाद्या आल्या त्या उघड्या टपात, खाली गोणपाट, मी बंद पिशवीतला पिण्याचा बर्फ आणायला लावला तेव्हा तासभर काउंटर गरम पाण्यावर चालला. हे आधी लिहून घ्या त्यांच्याकडून, मे महिन्यात पोट बिघडलं तर लोक म्हणतील बघा, दारू प्यायलो असतो तर बरं झालं असतं. तीन, कागदी कप. कोकम सोडा कागदी कपात पाच मिनिटात लगदा होतो, काचेचे ग्लास मागा, भाडं थोडं जास्त पडतं पण ग्लास हातात असला की माणूस तो घेऊन फिरतो, कागदी कप टाकून मोकळा होतो. चार, निळं ड्रिंक काढून टाका आणि त्याच्याजागी साधं ताक ठेवा, आले-मिरचीचं, म्हाताऱ्या माणसांनी तेच विचारलं.

गावात बिनदारूच्या हळदीचे ठराव होतात, कागदावर चांगले दिसतात, त्या ठरावाला सह्या करणाऱ्यांच्या डिक्या पण बघितल्यात आम्ही. दारूचं दुकान नको असेल तर वॉर्डातल्या बायकांना मतदान मागून बाटली आडवी करता येते, तो वेगळा मोठा लढा आहे आणि करणाऱ्यांना सलाम. पण दुकान बंद झालं तरी हळद बंद होत नाही, माल शेजारच्या नाक्यावरून येतो. मांडवात काय वाढायचं हे मात्र घरातल्यांच्याच हातात असतं, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे ते यावर्षीपर्यंत फक्त पुरुषांच्या हातात होतं. काउंटरचं बुकिंग आई आणि मी केलं, पैसे आम्ही भरले, म्हणून तो कुठे लागणार हे पण आम्ही सांगितलं.

पाचातले चार. एक मार्क बर्फ आणि संपलेल्या कॅनचा कापला. चारशे माणसांना दोन पोरं कमी पडतात, तीन मागा. बुक करताना आगळ का सिरप हे विचारा, सिरप म्हणाले तर दुसरा बघा. तुळशीचं लग्न झालं की तारखा भराभर जातात, आमच्या मावशीने जानेवारीच्या हळदीसाठी आत्ताच ॲडव्हान्स दिलाय आणि त्यांच्याकडे मागच्या बाजूची बसायची सोय ठेवायची का नाही यावर घरात अजून भांडण चालू आहे.